मेंढ्या, ओढा आणि माणसं: व्हरमाँटच्या शेतकरी-गिरणीवाल्या घराण्याची वंशावळ कशी शोधावी

माझ्या नातीला शाळेतून कुलवृक्ष काढून आणायला सांगितलं, तेव्हा वडिलांकडची बाजू एका बैठकीत भरून झाली. आमच्याकडे सासऱ्यांनी मोडीतून उतरवून घेतलेली वंशावळ आहे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतली नावंही तिच्याशी ताडून पाहिलेली आहेत. आईकडची बाजू मात्र तीन पिढ्यांवर अडली. माझी सून अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली. विहीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आमची माणसं शेतकरी होती. मेंढ्या होत्या. आणि ओढ्यावर लोकरीची गिरणी होती, असं आजी सांगायची."

या तीन वाक्यांवर मी चार वर्षं काम केलं. आता अनेक मराठी घरांत सून किंवा जावई तिकडचा असतो, आणि नातवंडांचं आजोळ कोऱ्या कागदासारखं राहतं. ते भरून काढायची इच्छा असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण व्हरमाँटचं असलं, तरी मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर किंवा न्यूयॉर्कच्या डोंगराळ भागातल्या घराण्यांना यातलं बहुतेक लागू पडेल.

पहिलं वर्ष मी एका प्रश्नात घालवलं: हे लोक शेतकरी होते की गिरणीवाले? एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. म्हणून मी त्यांना दोन वेगळी माणसं समजले. प्रत्यक्षात तो एकच माणूस होता, आणि एकाच वर्षी दोन्ही कामं करत होता. म्हणून सुरुवात नावांपासून करू नका, धंद्यापासून करा.

धंदा कसा चालायचा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू इंग्लंडच्या, म्हणजे व्हरमाँट ज्यात येतं त्या ईशान्येकडच्या राज्यांच्या, शेतघरात लोकरीचं कापड घरीच व्हायचं. मेंढी कातरायची, लोकर धुवायची, पिंजायची, पेळू करायचे, कातायचं, विणायचं. आपल्याकडे धनगरांची लोकर आणि सणगरांची घोंगडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. या साखळीतली दोन कामं हाताने फार जिवावर यायची. एक पिंजण्याचं, आणि दुसरं फुलिंगचं. विणलेलं कापड गरम साबणी पाण्यात लाकडी हातोड्यांखाली कुटून आटवायचं, घट्ट करायचं, याला फुलिंग म्हणतात. ही दोनच कामं सगळ्यात आधी पाण्याच्या चाकावर गेली. शेजारपाजारचे शेतकरी लोकर घेऊन यायचे, पेळू घेऊन घरी जायचे, बायका कातायच्या-विणायच्या, आणि कापड पुन्हा त्याच ओढ्यावर फुलिंगसाठी यायचं.

मेंढ्या जूनच्या सुमाराला कातरल्या जायच्या. म्हणून पिंजण्याचा हंगाम उन्हाळ्याचा, तर फुलिंगचा पानगळीचा आणि हिवाळ्याचा. मधल्या काळात गवत कापणी, मका, गुरं. ज्याच्या रानातून उतार असलेला ओढा जातो, त्याने बंधारा घालून यंत्र बसवायचं आणि शेतीही करायची, हे तिथे स्वाभाविक होतं.

यंत्रं आली यॉर्कशरमधून. तेव्हा इंग्लंडच्या कायद्याने कसबी कारागिरांना देश सोडून जायला बंदी होती, आणि ती १८२४ पर्यंत टिकली. तरीही यॉर्कशरच्या सॅडलवर्थ भागातले जॉन आणि आर्थर स्कोफिल्ड हे भाऊ १७९३ मध्ये बॉस्टनला उतरले. आर्थर पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला गेला आणि पिंजण्याची यंत्रं बनवून विकू लागला. अशी यंत्रं खेडोपाडी पसरली. मग मऊ, बारीक लोकरीची मेरिनो मेंढी आली. लिस्बनमधला अमेरिकेचा वाणिज्यदूत विल्यम जार्विस याने हजारोंनी मेरिनो मेंढ्या स्पेनमधून पाठवल्या, आणि १८११ मध्ये व्हरमाँटच्या वेदर्सफील्ड गावी स्वतःचा मोठा कळप ठेवला. १८४० च्या मोजणीत व्हरमाँटमध्ये सुमारे २ लाख ९२ हजार माणसं होती आणि सुमारे १६ लाख ८० हजार मेंढ्या. माणशी जवळजवळ सहा.

उतारही तितकाच वेगाने आला. १८४६ च्या कायद्याने आयात जकात उतरली, कालवे आणि रेल्वेमुळे पश्चिमेची स्वस्त लोकर बाजारात आली, पिंजण्यापासून विणण्यापर्यंत सगळं एका छताखाली करणारे कारखाने उभे राहिले. यादवी युद्धात गणवेशांमुळे लोकरीला पुन्हा भाव आला, नंतर तोही गेला. वंशावळ शोधणाऱ्याने ही वर्षं डोळ्यांसमोर ठेवावीत. १८४० च्या दशकात घरातला धाकटा मुलगा व्हरमाँटच्या कागदांतून एकदम नाहीसा झाला, तर तो मेला असं धरू नका. बहुधा न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन किंवा विस्कॉन्सिनला गेला असेल.

घरातले कागद

सर्वात म्हाताऱ्या माणसापाशी आधी बसा. विहीणबाईंकडे एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं: फोटो, दोन पत्रं, आणि घरचं बायबल. त्या काळच्या घरच्या बायबलमध्ये जुना आणि नवा करार यांच्या मध्ये जन्म, लग्न, मृत्यू लिहायची कोरी पानं असत. नोंदी वाचण्याआधी आतल्या शीर्षकपानावरचं छपाईचं वर्ष पाहा. बायबल १८४५ चं असेल आणि पहिली नोंद १८०१ ची, तर ती आठवणीने किंवा दुसरीकडून उतरवून लिहिलेली आहे. शाई आणि अक्षर एकसारखं असेल, तर सगळं एका बैठकीत लिहिलेलं. ज्या नोंदींची शाई बदलते, अक्षर थरथरतं, त्या घटनेच्या वेळी लिहिलेल्या असतात आणि त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

फोटोंच्या मागच्या बाजूचे फोटो काढा. छायाचित्रकाराच्या गावाचं नाव तिथे छापलेलं असतं, आणि पश्चिमेला गेलेल्या भावाचा पत्ता मला तिथेच लागला.

जनगणना: आजच्यापासून मागे

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते, फक्त नावनोंदणी करावी लागते. नेहमी ज्ञात पिढीपासून मागे जा. उलट दिशेने, कुणा प्रसिद्ध पूर्वजापासून खाली येण्याचा मोह टाळा.

कुठल्या वर्षी काय मिळतं हे लक्षात ठेवलं की वेळ वाचतो. १९०० च्या मोजणीत जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि किती हयात, हे सगळं आहे. १८९० ची जवळजवळ पूर्ण गेली, १९२१ च्या आगीत. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं पहिल्यांदा लिहिलं. १८७०, १८६० आणि १८५० मध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे, पण नातं नाही. एका छताखालची बाई ही बायको, बहीण की भावाची विधवा, हे दुसऱ्या कागदावरूनच ठरवावं लागतं. १८४० आणि त्याआधी फक्त प्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे वयोगटांतले आकडे.

धंद्याच्या रकान्याकडे सावधपणे बघा. १८५० मध्ये तो फक्त पंधरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी भरला, त्यामुळे गिरणीत काम करणाऱ्या मुली त्या वर्षी दिसतच नाहीत. आणि "क्लोदियर" हा शब्द दिसला तर कापडाचा दुकानदार समजू नका. न्यू इंग्लंडमध्ये क्लोदियर म्हणजे घरी विणलेलं कापड फुलिंग करून, रंगवून, कातरून देणारा. मी या शब्दापायी सहा महिने शहरातल्या दुकानदारांच्या याद्या चाळत होते.

त्याच वर्षीची दुसरी दोन पत्रकं

बहुतेक लोक माणसांची यादी मिळाली की थांबतात. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० या चारही मोजण्यांत शेतीचं वेगळं पत्रक आणि उद्योगाचं वेगळं पत्रक भरलं गेलं. शेतकरी-गिरणीवाल्या घराण्याचा खरा चेहरा इथे दिसतो.

शेतीच्या पत्रकात मालकाच्या नावापुढे कसलेली आणि पडीक जमीन, शेताची किंमत, घोडे, दुभत्या गाई, कामाचे बैल, मेंढ्या, डुकरं, लोकर किती पौंड, हे सगळं एका ओळीत असतं. सुरुवातीच्या तिन्ही मोजण्यांत एक रकाना आहे, घरी बनवलेल्या मालाची किंमत. याच रकान्यासाठी मी हे पत्रक पुन्हा पुन्हा उघडते. १८५० मध्ये तिथे काही डॉलर असतील आणि १८६० मध्ये रिकामं असेल, तर त्या दहा वर्षांत घरातला माग थांबला. १८८० च्या पत्रकात तर किती कोकरं जन्मली, किती मेंढ्या विकल्या, किती थंडीवाऱ्याने मेल्या आणि किती कुत्र्यांनी मारल्या, इथपर्यंत विचारलं आहे. फक्त फार लहान शेतं यात नाहीत. १८५० मध्ये वर्षाला शंभर डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेली शेतं सोडली होती.

उद्योगाच्या पत्रकात वर्षाला पाचशे डॉलरच्या वर माल काढणारे आले. भांडवल, कच्चा माल किती आणि कुठला, यंत्र पाण्यावर की वाफेवर, कामावर पुरुष किती, बायका किती, महिन्याची मजुरी, तयार माल. आता दोन्ही पत्रकं शेजारी ठेवा. शेतीच्या पत्रकात घरच्या मेंढ्यांची लोकर चारशे पौंड, आणि उद्योगाच्या पत्रकात त्याच नावापुढे लोकर सहा हजार पौंड, असं दिसलं तर बाकीची लोकर शेजाऱ्यांची. मग त्या पानावरच्या शेजाऱ्यांची नावं उतरवून घ्या. लग्नं त्यांच्याच घरांत झालेली असतात. सुनेच्या घराण्यातल्या तीन सुनांची माहेरं मला अशीच सापडली.

१८८० साठी एक अडचण आहे. त्या वर्षी कापडउद्योगाची मोजणी खास प्रतिनिधींनी केली आणि त्यांची पत्रकं संशोधकांच्या हाती लागत नाहीत, त्यामुळे लोकरगिरणी दिसली नाही म्हणून ती बंद पडली असं समजू नका. मागच्या काळासाठी १८२० चं उद्योगपत्रक आहे, आणि १८३२ मध्ये अर्थमंत्री लुई मॅक्लेन यांनी ईशान्येकडच्या राज्यांतल्या कारखान्यांचा अहवाल गोळा केला होता. तो छापील आहे, आणि त्यात गावाच्या नावाखाली लहान लहान गिरण्याही येतात.

मृत्यूंचं पत्रकही या चार मोजण्यांबरोबर आहे. मोजणीच्या आधीच्या वर्षभरात, म्हणजे १ जूनपर्यंतच्या बारा महिन्यांत, कोण गेलं आणि कशाने, हे त्यात असतं. लहान मुलं इथेच भेटतात. इतर कागदांत त्यांचा पत्ता नसतो.

अँसेस्ट्रीसारख्या पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांवर ही पत्रकं शोधायला सोपी जातात. अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत तिथल्या संगणकावर ते फुकट वापरता येतं. तिकडे राहणाऱ्या मुलाला-मुलीला एक शनिवार मागून घ्या.

जमीन आणि पाणी: वंशावळीचा कणा

एवढं करूनही माझ्याकडे तुकडे होते. ते जोडले गेले खरेदीखतांमुळे.

विचार असा. घराण्यात त्याच त्याच नावांची माणसं येतात, काही निघून जातात, काही मुली लग्नाने दुसऱ्या आडनावात जातात. गिरणीची जागा मात्र हलत नाही. ओढ्याला जिथे पुरेसा उतार आहे तिथेच बंधारा बसतो, आणि त्या पाण्याचा हक्क हा एक वेगळा, लेखी, विकता-गहाण टाकता येणारा हक्क होता. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार लावून जमीन मागे नेतात, तसा तो पाण्याचा हक्क मागे न्यायचा.

व्हरमाँटमध्ये जमिनीची दप्तरं गावाच्या कारकुनाकडे, टाऊन क्लार्ककडे असतात. कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्येही तसंच. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर, न्यूयॉर्कमध्ये ती काऊंटीकडे (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) असतात. कुठे शोधायचं हे आधी ठरवा, नाहीतर बंद दारापाशी दिवस जातो. प्रत्येक ठिकाणी दोन सूची असतात, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही उतरवून घ्या, आडनावाची प्रत्येक नोंद, आज ती आपली वाटो किंवा न वाटो.

मग क्रम लावा. ज्या माणसाने गिरणी विकली, त्याला ती कुणाकडून आली? खतात बहुधा लिहिलेलं असतं की ही तीच जागा, जी अमक्याने तमक्या साली मला दिली. असं एकेक पाऊल मागे. बंधारा, पाट, चाकाचा खड्डा, पिंजण्याचं घर, फुलिंगचं घर यांचे उल्लेख बघा. एकाच बंधाऱ्यावर पीठगिरणी, करवती आणि फुलिंगचं घर असेल, तर पाणी कमी पडल्यावर पहिला हक्क कुणाचा हेही लिहिलेलं असतं. हिस्से पडलेले असतील तर आणखी बरं. अर्धा, चौथाई, आठवा हिस्सा कुणाकुणाकडे गेला यावरून भावंडांची संख्या कळते.

तीन प्रकारची खतं सोन्यासारखी जपा.

पहिलं हक्कसोडपत्र. बाप गेल्यावर एक भाऊ शेत आणि गिरणी ठेवतो आणि बाकीचे सोडून देतात. आपल्याकडे बहिणींच्या सह्या घेतात तसंच. त्यात लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट येतात, आणि पश्चिमेला गेलेल्या भावाचं गाव आणि राज्यही येतं. एका हक्कसोडपत्राने मला पाच भावंडं आणि तीन जावई एकदम दिले.

दुसरं, पालनपोषणाच्या अटीवर दिलेलं खत. म्हातारा बाप जिवंतपणी शेत मुलाच्या नावावर करतो आणि बदल्यात मुलगा आई-वडिलांना मरेपर्यंत सांभाळण्याचं लिहून देतो. सरपण किती, गव्हाचं पीठ किती, एक गाय आणि अमुक मेंढ्या उन्हाळी-हिवाळी पोसायच्या, दवाखान्यात न्यायचं, सन्मानाने पुरायचं. हे वाचताना माझे डोळे भरून आले. कोणत्या मुलाने आई-वडिलांना सांभाळलं, हे दीडशे वर्षांनी नावानिशी कळतं.

तिसरं गहाणखत. कारण यंत्र घ्यायला पैसे लागत आणि ते बहुधा सासऱ्याकडून किंवा मेव्हण्याकडून येत. घराण्यात दुसऱ्याच आडनावाचा माणूस वारंवार सावकार म्हणून दिसला, तर बायकोचं माहेर आधी तिथे शोधा.

जुन्या खतांतली मापं रॉड आणि चेनमध्ये असतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, चार रॉड म्हणजे एक चेन. एकरात १६० चौरस रॉड.

फॅमिलीसर्चवर आता हस्तलिखित खतांच्या आतला मजकूर यंत्राने वाचून शोधण्याची सोय आहे. सूचीत नाव नसतानाही शेजारी म्हणून, साक्षीदार म्हणून आलेला माणूस त्यात मिळतो. यंत्र चुका करतं, म्हणून आडनावाची चार-पाच वेगळी स्पेलिंगं टाकून पाहा आणि मूळ पान डोळ्यांनी वाचल्याशिवाय काही लिहून ठेवू नका.

वारसाचे कागद, आणि बायका कुठे आहेत

व्हरमाँटमध्ये वारसाचं काम प्रोबेट कोर्टाच्या जिल्ह्यांप्रमाणे चालायचं आणि काही काऊंट्यांत असे दोन जिल्हे होते. विंडसर काऊंटीत विंडसर आणि हार्टफर्ड. एका ठिकाणी नाही म्हणजे कुठेच नाही, असं समजू नका.

मृत्युपत्र मिळालं नाही तरी मालमत्तेची यादी मिळते. शेजारचे तीन भले लोक घरात फिरून एकेक वस्तू लिहीत: माग, मोठा चरखा, पेळूंची पोती, मेंढ्या, गिरणीतला हिस्सा, येणं-देणं. येणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांच्याकडून पैसे येणं होते त्यांची, यादी ही गिरणीच्या गिऱ्हाइकांची यादी. विधवेला तिसरा हिस्सा तोडून दिला जाई, आणि तो किती बारकाईने! पूर्वेकडची खोली, तळघराचा अर्धा भाग, विहिरीवर जाण्या-येण्याचा हक्क. त्यावरून घराचा नकाशा काढता येतो. मुलं अज्ञान असतील तर पालक नेमल्याचा कागद शोधा. चौदा वर्षांखालच्या मुलांना कोर्ट पालक नेमून देई, त्यावरची मुलं स्वतः निवडत. जन्माची नोंद नसली तरी वयाची एक मर्यादा त्यातून हाती येते.

स्मशानातल्या दगडांवर दोन शब्द बघा. "कॉन्सॉर्ट" म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली, आपली सवाष्ण. "रेलिक्ट" म्हणजे नवऱ्याच्या मागे राहिलेली. या एका शब्दाने नवऱ्याच्या मृत्यूचं साल अलीकडे की पलीकडे हे ठरतं. वय वर्षं-महिने-दिवसांत कोरलेलं असेल तर मृत्यूच्या तारखेतून वजा करून जन्मतारीख काढा.

मुलींच्या शाखा सोडू नका, मग आडनाव बदललं तरी चालेल. गिरणी पुष्कळदा मुलीकडून पुढे जाते. यॉर्कशरमधून आलेले थॉमस के हे ऑरिगनमधल्या सेलम गावी १८८९ मध्ये स्वतःची लोकरगिरणी काढतात. त्यांची मुलगी फॅनी गिरणीचं काम वडिलांच्या हाताखाली शिकते आणि बिशप घराण्यात लग्न करते. तिची तीन मुलं १९०९ मध्ये ऑरिगनमधल्याच पेंडलटन गावची गिरणी चालू करतात, आणि तो धंदा त्याच घराण्यात पुढे चालतो. फक्त के हे आडनाव धरून बसणाऱ्याला यातलं काही दिसणार नाही.

गावची वही, वर्तमानपत्र, उधारीचे शेरे

टाऊन क्लार्ककडच्या जुन्या वह्यांत मेंढ्यांच्या कानांच्या खुणा नोंदवलेल्या असतात. उजव्या कानाला चीर, डाव्याचं टोक छाटलेलं, अशी प्रत्येक शेतकऱ्याची वेगळी खूण. बापाची खूण मुलाने घेतली, तर तशी नोंद व्हायची. दोन एकाच नावाच्या माणसांत आपला कोणता, हे मी एकदा कानाच्या खुणेवरून ओळखलं. हा पुरावा फार थोडे लोक बघतात.

त्याच वह्यांत "वॉर्निंग आऊट"च्या नोटिसा असतात. गावात नव्याने आलेलं कुटुंब पुढे गरिबीत गावावर पडू नये म्हणून त्याला निघून जाण्याची कायदेशीर सूचना दिली जाई. व्हरमाँटमध्ये ही पद्धत १८१७ मध्ये संपली. पुष्कळ कुटुंबं सूचना मिळूनही तिथेच राहिली, त्यामुळे त्यात अपमान शोधू नका. कुटुंब कधी आलं, एवढं त्यातून नक्की कळतं, आणि कधी कधी बायका-मुलांची नावंही.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका फुकट आहे. आडनावाबरोबर "वूल कार्डिंग", "फुलिंग", "क्लॉथ ड्रेसिंग" हे शब्द त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगने टाका, आणि मे-जूनचे अंक आधी बघा. गिरणीवाले हंगामाच्या तोंडावर जाहिरात देत. आर्थर स्कोफिल्डने १८०१ मध्ये पिट्सफील्डच्या पत्रात दिलेली जाहिरात नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे: यंत्र मीटिंग हाऊसच्या (गावच्या प्रार्थनेच्या आणि सभेच्या इमारतीच्या) पश्चिमेला अर्ध्या मैलावर, पेळू करून देण्याचा दर पौंडाला साडेबारा सेंट, आणि लोकर साफ करून तेल लावून आणली तर दहा. एवढ्या मजकुरात जागा, दर आणि गिऱ्हाइकाने घरी कोणतं काम करायचं, हे तिन्ही आलं. भागीदारी मोडल्याच्या सूचनाही तिथेच असतात, आणि भागीदार हा पुष्कळदा मेव्हणा निघतो.

गिरणी जरा मोठी असेल तर आणखी एक जागा आहे. १८४१ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे आर. जी. डन या नावाने ओळखल्या गेलेल्या पेढीचे वार्ताहर गावोगावच्या व्यापाऱ्यांची पत लिहून पाठवत. त्या वह्या राज्य आणि काऊंटीप्रमाणे लावलेल्या, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बेकर ग्रंथालयात आहेत. सासरा भक्कम आहे, स्वभावाने काटकसरी, शेत कर्जमुक्त, अशा शेऱ्यांतून माणूस उभा राहतो.

एकाच नावाची दोन माणसं

सगळ्यात जास्त झाडं इथे बिघडतात. त्या काळी "ज्युनियर" म्हणजे मुलगाच असं नव्हतं. गावात एकाच नावाचे दोघे असले तर वयाने लहान तो ज्युनियर, मग तो पुतण्या असो की नात्यात नसलेला. मोठा वारला की ज्युनियर सिनियर होई. मूल गेलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देत.

यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक माणसाची एक वही-पान, वर्षांची पट्टी. वर्ष, वय, गाव, बायकोचं नाव, जमीन, मेंढ्या, आणि हे कुठल्या कागदावरून घेतलं. एकाच वर्षी एकाच माणसाकडे एका पत्रकात दोनशे मेंढ्या आणि दुसऱ्या गावी बारा दिसल्या, की समजा पट्टीत दोन माणसं मिसळली आहेत. ती वेगळी करून मगच पुढे जा. दुसऱ्यांनी संकेतस्थळांवर चढवलेली तयार झाडं धागा शोधायला वापरा, पण त्यातलं एकही नाव मूळ कागद पाहिल्याशिवाय आपल्या झाडात घेऊ नका.

जन्म-मृत्यूच्या नोंदी व्हरमाँटच्या गावांकडून राज्याकडे पाठवायला १८५७ पासून सुरुवात झाली. त्याआधीच्या नोंदी टाऊन क्लार्कच्या मर्जीवर आणि बापाच्या सवडीवर होत्या, त्यामुळे काही भावंडं नोंदलेली आणि काही नाहीत, हे नेहमीचं आहे.

नकाशा हातात घेऊन जाणं

१८५० च्या दशकातले भिंतीवर लावायचे काऊंटी नकाशे आणि १८६९ ते १८७८ मध्ये निघालेले बीअर्स या नकाशाकारांचे व्हरमाँटचे ॲटलास, या दोन्हींत घराघरावर मालकाचं नाव छापलेलं आहे, आणि ओढ्यांवर गिरण्याही दाखवल्या आहेत. खतांतलं वर्णन आणि हा नकाशा आजच्या उपग्रह नकाशावर बसवा. १८६९ च्या ऑक्टोबरमधल्या आणि १९२७ च्या नोव्हेंबरमधल्या महापुरांनी व्हरमाँटचे पुष्कळ बंधारे वाहून नेले, त्यामुळे उभी इमारत दिसेल अशी आशा ठेवू नका. पाटाची चर, दगडी बांधाची दोन टोकं आणि चाकाचा खड्डा मात्र उरतो.

एप्रिलच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला जा. झाडांवर पानं नसतात, बर्फ नसतो, दगड दिसतात. गोचिडांसाठी पूर्ण पायमोजे घाला. आधी गावच्या ऐतिहासिक मंडळाला पत्र लिहा, ही मंडळं स्वयंसेवकांवर चालतात आणि बहुतेक उन्हाळ्यातच उघडी असतात. जमिनीच्या सध्याच्या मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. आम्ही ज्यांच्या दारात गेलो त्यांनी स्वतःहून बूट चढवले आणि पुढे झाले.

विहीणबाई, सून, नात आणि मी, अशा चौघी होतो. १८३७ च्या खतात लिहिल्याप्रमाणे पुलापासून बावीस रॉड, म्हणजे ३६३ फूट, नातीने टेप धरून मोजले. नेच्यांच्या खाली दगडांनी बांधलेला चौकोनी खड्डा होता, आणि त्याच्या तळाशी ओढ्याचं पाणी अजून झिरपत होतं. विहीणबाई काठावर बसून राहिल्या. नातीने वहीत जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले, खाली खताचा खंड आणि पान क्रमांक लिहिला, आणि आजीला विचारलं की त्या वर्षी इथे लोकर घेऊन येणाऱ्या बायकांची नावं आपल्याला कुठे मिळतील. आता ती येणेकऱ्यांच्या यादीवर काम करते आहे. त्या यादीत पुरुषांचीच नावं आहेत, म्हणून प्रत्येक नावापुढे १८५० च्या मोजणीतून त्या घरातल्या बायका उतरवून घेणं चालू आहे, आणि अठ्ठावीस घरं झाली आहेत.